गप्प माणसाच्या नावाने गप्पा

दिवाळीचा चिवडा डब्याच्या तळाला गेला, की बाईंचा निरोप यायचा. ‘रविवारी चार वाजता. प्रत्येकाने एक आठवण आणायची. विशेषणं घरी ठेवून यायची.’

आमचा जपानी भाषेचा वर्ग सदाशिव पेठेत, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर भरायचा. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. कोणी कंपनीसाठी, कोणी भाषांतराच्या कामासाठी, कोणी नुसत्या हौसेपोटी. परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नोव्हेंबर हा खरं तर कांजी, म्हणजे जपानीतली चित्राक्षरं, घोटायचा महिना. त्यातला एक अख्खा रविवार कुठल्याशा नटापायी घालवायचा, हे पहिल्या वर्षी निम्म्या वर्गाला पटलं नव्हतं. मलाही नाही. माझी तेव्हा तिसरी पातळी होती आणि प्रयोजक क्रियापदांनी जीव मेटाकुटीला आणला होता.

नट म्हणजे ताकाकुरा केन. सगळा जपान त्यांना ‘केन-सान’ म्हणायचा. १० नोव्हेंबर २०१४ ला वयाच्या ८३ व्या वर्षी ते गेले, पण बातमी बाहेर आली ती १८ तारखेला. तोवर जवळच्या चार माणसांत सगळं उरकलेलंही होतं. त्या दिवशी बाई वर्गात आल्या, पर्स टेबलावर ठेवली आणि काही न बोलता फळ्यावर तीन कांजी लिहिल्या. बु-कि-यो. ऐंशीच्या दशकातल्या एका विम्याच्या जाहिरातीत केन-सान एवढंच म्हणतात: ‘जिबुन, बुकियो देसु कारा.’ मी, काय आहे, बुकियो आहे. हे वाक्य त्यांना जन्मभर चिकटलं.

“ह्याचं मराठी करा,” बाई म्हणाल्या.

शब्दकोशात ‘हाताला सफाई नसलेला’ असा अर्थ मिळतो. पण हा माणूस सफाईबद्दल बोलत नाहीये, मनातलं तोंडावर आणता येत नाही त्याबद्दल बोलतोय. ‘धांदरट’ झालं, ‘वेंधळा’ झालं, ‘घुमा’ झालं. घुमा बराच वेळ टिकला, पण घुम्या माणसाच्या पोटात काहीतरी शिजत असतं असं आपण मानतो, म्हणून तोही पुसला गेला. आठ वाजले. खालच्या मजल्यावरचे काका जिन्यात येऊन खाकरून गेले. फळा रिकामाच राहिला आणि बाई म्हणाल्या, पुढच्या रविवारी या, सिनेमा बघू.

तो सिनेमा होता यामादा योजी यांचा १९७७ चा, पिवळ्या रुमालांचा. आबाशिरीच्या तुरुंगातून सुटलेला माणूस पहिल्यांदा खानावळीत शिरतो. बिअरचा ग्लास दोन्ही हातांनी धरतो, जणू कोणी काढून घेईल. मग रामेन, म्हणजे रश्श्यातल्या शेवया, आणि कात्सुदोन, म्हणजे तळलेलं डुकराचं मांस घातलेला भात. आमच्या हातात तेव्हा बटाटेवडे होते आणि ते तसेच हातात राहिले. बाईंनी चित्र थांबवून सांगितलं, की हे एका दमात चित्रित झालं. दिग्दर्शक थक्क झाले, तेव्हा केन-साननी सांगितलं की दोन दिवस पोटात काही घातलेलं नाही. ही गोष्ट माझ्या लक्षात राहिली ती दोन दिवसांच्या उपासामुळे नाही. विचारलं नसतं तर त्यांनी ते सांगितलंच नसतं, ह्यामुळे.

दुसऱ्या वर्षापासून नियम आला. आठवण त्यांच्याबरोबर काम केलेल्या माणसाची हवी, पाच वाक्यांत जपानीतून सांगायची, आणि त्यात केन-साननी काय ‘केलं’ तेवढंच यायला हवं. थोर, विनम्र, साधे, हे शब्द वापरले की कपबश्या विसळायच्या. व्याकरणाचा गृहपाठच होता तो, भूतकाळाची क्रियापदं पक्की व्हावीत म्हणून. पण ह्या नियमाने गंमत अशी झाली, की ज्या माणसाबद्दल बोलण्यासारखं काही सापडणार नाही असं वाटलं होतं, त्याच्याबद्दल वर्षागणिक बोलणं वाढतच गेलं.

सगळ्यात जास्त मागणी शेकोटीच्या गोष्टीला. ही आमच्या वर्गातला एक बँकवाला सांगायचा, अंगाभोवती खरोखरची शाल गुंडाळून. मूळ सांगणारे ताकेशी, म्हणजे विनोदी नट आणि पुढे मोठे दिग्दर्शक झालेले कितानो ताकेशी. तेव्हा त्यात मीठमिरची असणार हे गृहीत धरावं. १९८५ च्या एका चित्रपटाचं काम समुद्रकिनारी, हाडं गोठवणाऱ्या थंडीत चाललं होतं. केन-सानचं त्या दिवशी काम नव्हतं, तरी ते आले. कोणीतरी म्हणालं, शेकोटीपाशी या. नको, म्हणे, मंडळी काम करतायत, मी कसा शेकू? झालं! आता केन-सान शेकत नाहीत म्हटल्यावर बाकीच्यांची काय टाप? शेकोटी एकटीच जळतेय आणि तिच्याभोवती सगळे कुडकुडत उभे. शेवटी ताकेशींनी जाऊन गळ घातली, की हात जोडतो, तुम्ही शेका, म्हणजे आम्हाला शेकता येईल. बँकवाल्याची पाच वाक्यं नेहमी बारा व्हायची, पण ह्या एका गोष्टीपुरतं बाई मोजायच्या नाहीत.

मला स्वतःला चिनी दिग्दर्शक झांग यिमोउ यांनी सांगितलेली आठवण जास्त आवडते. चीनमध्ये केन-सानना लोक १९७० च्या दशकाअखेरीपासून ओळखत होते, आणि झांग यांनी त्यांना घेऊन युन्नान प्रांतात लिजियांगच्या बाजूला चित्रपट केला, २००५ साली पुरा झाला तो. केन-सानचं वय सत्तरीच्या पुढे. त्यांचा भाग संपला की ते निघून जात नसत, आणि खुर्ची दिली तरी बसत नसत. कोपऱ्यात उभं राहायचं. बाकीचे राबतायत म्हणून. त्यांच्या डोक्यावर छत्री धरायला एक मजूर ठेवला होता. त्याला त्यांनी हातातलं घड्याळ काढून दिलं. छत्री धरणाऱ्याला! भाषा येत नाही, मग आभार मानायचे कसे, असा काही हिशेब असेल. ती मी पहिल्यांदा सांगितली तेव्हा ‘दिलं’ ह्या क्रियापदात अडकलो. जपानीत देणं-घेणं कोणी कोणाला दिलं ह्यावर बदलतं, वरच्याने खालच्याला की खालच्याने वरच्याला. बाईंनी विचारलं, “आता इथं वरचा कोण रे?” मला सांगता आलं नाही. कपबश्या मात्र विसळाव्या लागल्या नाहीत.

त्याच वर्षी आमच्यातल्या एका उत्साही प्राण्याने जाहीर केलं, की आज मीही बसणार नाही. पाऊण तास उभा राहिला. मग कॉफी आली (केन-सान दारू पीत नसत, कॉफी मात्र भरपूर, म्हणून ह्या दिवशी चहा बंद) आणि हा खुर्चीत दिसला.

काकूंची आठवण नियमात बसत नव्हती. काकूंनी साठीनंतर जपानी शिकायला घेतलं, नातवंडं तिकडे वाढतायत म्हणून. त्यांनी सांगितलं ते केन-साननी स्वतःच लिहून ठेवलेलं आहे. मारामारीच्या चित्रपटाचं पोस्टर: अंगभर गोंदण, हातात तलवार. भेगा पडलेल्या टाचेवर कातडीच्याच रंगाची चिकटपट्टी लावलेली. कोणाच्या लक्षात आली नाही; आईच्या आली. पोराच्या टाचा पुन्हा फुटल्या वाटतं, म्हणाली. ती आई गेली तेव्हा केन-सान चित्रीकरणात होते आणि काम टाकून ते गेले नाहीत. काकू एवढं बोलून खाली बसल्या. “आई काही सहकलाकार नव्हे,” बँकवाला हळूच म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने आपण होऊन कपबश्या उचलल्या.

२०२० साली सगळे आपापल्या घरून, पडद्यावरच्या चौकोनांत. अर्ध्या जणांचे आवाज बंद. ओठ हलतायत, ऐकू काही येत नाही. बाई म्हणाल्या, “आज सगळेच केन-सान.” त्या वर्षीचं एवढंच आठवतं.

२०२४ ला दहा वर्षं झाली. तोपर्यंत जुन्यांपैकी बरेच पांगले होते. साप्पोरोत नोकरी करणाऱ्या एका मुलीने फोटो पाठवला, उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या इकुतोरा स्टेशनचा. १९९९ च्या चित्रपटात केन-सान जिथे शिट्टी वाजवत एकटे उभे राहतात ते हेच. सिनेमात त्याला होरोमाई म्हणतात. सिनेमातली गोष्टच बंद पडणाऱ्या लाइनीवरच्या स्टेशनमास्तरची, आणि आता त्या वर्षीच्या मार्चअखेर इकुतोराच्या लाइनीचा तो टप्पा खरोखरीच बंद झाला. तो सिनेमा तोएईचा, म्हणजे केन-साननी जिथे सुरुवात केली त्या स्टुडिओचा. तिथली जुनी मंडळी निवृत्तीला आली होती, जाता जाता केन-सानबरोबर एक काम व्हावं ही त्यांची इच्छा. म्हणून ते इतक्या वर्षांनी तोएईत परतले. फोटो हातोहात फिरला. नव्या मुलांनी विचारलं, हे कोण? मग शेकोटी पुन्हा पेटली.

फळ्यावर ते तीन कांजी दर वर्षी असायचे. त्या वर्षी काकूंनी सुचवलं, “माझं मेलीचं असंच आहे, असं म्हटलं तर?” अख्खा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते फळ्यावर लिहिलं आणि खाली बारीक रेघ मारली.

कार्यक्रम आटोपला तेव्हा बाई मोरीपाशी उभ्या राहून कपबश्या विसळू लागल्या. विशेषण कोणी वापरलं होतं आठवत नाही, बहुधा त्यांनीच. गुडघे दुखतायत हे सगळ्यांना ठाऊक. आम्ही फडकी घेऊन मागे उभे. खुर्च्या रिकाम्या, गरम कॉफी टेबलावर.

“अरे बसा की, कॉफी निवतेय,” बाई वळून म्हणाल्या.

काकूंनी पदर खोचला आणि अगदी बँकवाल्याच्या सुरात, शुद्ध जपानीत सांगितलं, की हात जोडते, आधी तुम्ही बसा.