मशीन शून्य दाखवत होतं

सावद्याहून दिल्लीला केळी नेणाऱ्या गाड्या आमच्या ऑफिसातून सुटतात. बिल्टी, म्हणजे मालाची पावती, देण्याआधी ड्रायव्हरला श्वासातली दारू मोजणाऱ्या ब्रेथ अ‍ॅनालायझरमध्ये फुंकायला लावणं माझ्याकडे आहे. नळी प्रत्येकाला नवी. खोकल्याचं औषध नुकतंच घेतलं असेल तर पंधरा मिनिटं थांबवतो, नाहीतर तोंडातल्या अल्कोहोलने आकडा चुकतो.

त्या संध्याकाळी गाडी भरून उभी होती. ड्रायव्हर चोपड्याकडचा, जुना, भरवशाचा. फुंकला, शून्य. पण तो सारखा नाक खाजवत होता, साध्या प्रश्नाला उशिरा उत्तर देत होता. अंधार पडत आला होता. अशा वेळी डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या व्हायला हव्यात, याच्या मोहरीएवढ्या. मी किल्ली मागून घेतली.

"भाऊ, मी घेतलेली नाही. मशीनला विचारा ना!"

दारू खरंच घेतली नव्हती. क्लीनरला बाहेर पाठवलं तेव्हा बोलला. चहात डोडा टाकला होता, अफूच्या बोंडांचा चुरा. लांबच्या खेपांत कंबर धरायची, ढाब्यावर कुणीतरी दिला, अंग हलकं झालं. आता नाही घेतला तर नाक गळतं, जांभया थांबत नाहीत, हातपाय मोडून येतात.

मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ दारूला १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा घालतं. तेच कलम अमली पदार्थांनाही लागू आहे, पण तिथे आकडा नाही. गाडीवर ताबा राहणार नाही इतका अंमल, एवढंच. आणि अफू आमच्या मशीनला कळत नाही. म्हणून फुंकून झाल्यावर माणसाशी दोन मिनिटं बोलायलाच हवं.

व्यापारी फोनवर तापला. कापलेला माल थांबत नाही, मान्य. पण बऱ्हाणपूर, खंडवा आणि पुढे इंदूरच्या अलीकडचा घाट, तोही रात्री! दुसरा ड्रायव्हर मिळाल्यावरच गाडी सोडली.

मालक पहिल्या ड्रायव्हरला कामावरून काढायला निघाले होते. मी अडवलं. काढला तर तो उद्या दुसऱ्याची गाडी हाकणार. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम ६४अ मध्ये स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून सूट मिळू शकते, हे दाखवल्यावर ते ऐकले. सध्या तो जळगावला उपचार घेतोय.

लघवी तपासायची किट मी मागितली आहेत. पण १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा दिवसाला आठ तासांचं काम सांगायचा, नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेली कामगार संहिताही तेच सांगते, आणि आम्ही एकट्याला रात्रंदिवस हाकायला लावतो. त्यामुळे त्याच पत्रात दिल्लीच्या प्रत्येक खेपेला दुसरा ड्रायव्हरही मागितला आहे.