अर्धा इंच = एक फूट : गॉझची भिंत एकदाची आरपार झाली

मंडळी, भिंत झाली. म्हणजे जवळजवळ झाली. टेनेसी विल्यम्सच्या 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' या नाटकाच्या नेपथ्याचं मी करत असलेलं छोटं मॉडेल मागच्या वेळी भिंतीपाशी येऊन अडलं होतं, आणि भिंतीला कुठलं कापड लावू असं मी तुम्हाला विचारलं होतं. बाहेरचा जिना उभा, पोकरच्या टेबलावर हिरव्या काचेच्या शेडमध्ये दिवा लागतोय आणि मागची भिंत म्हणजे नुसती रिकामी चौकट. तिथून आता गाडी सुटली.

अडचण तुम्हाला ठाऊकच आहे. ३ डिसेंबर १९४७ ला न्यूयॉर्कच्या एथेल बॅरीमोर थिएटरात हे नाटक उघडलं, तेव्हा नेपथ्यकार जो मिल्झिनरनं न्यू ऑर्लिन्समधल्या त्या घराच्या भिंती गॉझच्या, म्हणजे विरळ जाळीदार कापडाच्या, केल्या होत्या. पुढून उजेड टाकला की भिंत, मागून टाकला की रस्ता. मोठ्या रंगमंचावर हे आपण कितीदा केलंय. पण खऱ्या गॉझची भोकं काही मिलिमीटरची असतात, १:२४ ला, म्हणजे चोवीस पट लहान मॉडेलमध्ये, ती मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांवर येतात. मच्छरदाणी लावली तर घर कोंबड्यांच्या खुराड्यासारखं दिसतं. शिफॉन सुचवणाऱ्यांचे आभार, पण ते ताणलं की तिरकं जातं. ऑर्गन्झाचं नावच नको, पुढून उजेड पडला की नुसता चकाकतो.

उत्तर मिळालं स्क्रीन प्रिंटिंगच्या जाळीत. पॉलिएस्टरची असते, नंबर सेंटिमीटरला किती धागे त्यावरून. मी ४३ ची घेतली. काही दुकानदार इंचाचा हिशेब सांगतात, तिथे ११० च्या आसपासची मागा. मला वीतभर हवी होती, दुकानदार मीटरच्या खाली फाडायला तयार नव्हता. आता पुढच्या तीन नाटकांची सोय झाली आहे. पिवळी मिळाली तर तीच घ्या. वॉर्म व्हाइट एलईडीखाली तिला जुन्या, ओल धरलेल्या वॉलपेपरचा रंग आपसूक येतो. त्या रंगासाठी मी निराळं काहीच केलं नाही, आणि अख्ख्या मॉडेलमध्ये तोच भाग सगळ्यात खरा वाटतो!

झटपट चिकटणारा गोंद जाळीला लावू नका, वाफेनं कडेला पांढरट डाग पडतात. चौकटीला रबर सोल्युशन लावायचं, अर्धवट सुकू द्यायचं आणि मग जाळी ताणून दाबायची. ब्रशनं रंगवलं की भोकं बुजतात. पातळ शाई, एअरब्रश, तोही लांबून. पुढचा दिवा वरून, भिंतीला जवळजवळ घासून जाईल असा हवा. समोरून टाकला की उजेड जाळीतून आरपार जातो आणि मागचा रस्ता कायम दिसत राहतो. दोन जाळ्या एकामागे एक तर अजिबात नकोत, लाटांची नक्षी उमटते.

इथवर छान. आता नववा प्रवेश. (तेंडुलकरांच्या 'वासनाचक्र' या अनुवादातून नाटक भेटलंय त्यांनाही आठवेल.) नायिका ब्लांशशी लग्न करू पाहणारा मिच येतो, तिचं वय उजेडात बघायचं म्हणून बल्बवरचा कागदी कंदील फाडतो आणि दिवा लावतो. मग बाहेरून ती आंधळी मेक्सिकन बाई येते, गडद शाल, हातात पत्र्याची भडक फुलं, मेलेल्यांसाठी फुलं घ्या म्हणत. विल्यम्सची सूचना अशी, की तिची आकृती घराबाहेर अंधुक दिसावी. अंधुक! दहाव्या प्रवेशात भिंत पूर्ण आरपार होऊन फुटपाथवर वेश्या आणि दारुडा यांची झटापट दिसते, ते सोपं आहे. मागचा दिवा पूर्ण लावला की झालं. पण नवव्यात खोलीतला उघडा बल्ब जाळीवर पडतो, भिंत ठार बंद होते आणि फुलवाली गायब.

यावर मी काय काय केलं ते विचारू नका. बल्ब खाली सरकवला, त्याच्या मागच्या अंगाला काळी टेप लावली, बाईला जाळीच्या अगदी जवळ आणलं. टेप लावली की बल्ब उघडा वाटत नाही. बाई जवळ आणली की अंधुक वाटत नाही, भिंतीला चिकटलेली वाटते.

मग संहिता पुन्हा काढली. मिच दिवा लावतो, तिच्याकडे टक लावून बघतो, ती किंचाळून चेहरा झाकते. आणि तो दिवा परत बंद करतो. फुलवाली येते ती त्यानंतरच्या अंधारात. म्हणजे जाळीला जे हवं होतं ते नाटककारानं लिहूनच ठेवलंय. खोलीतला दिवा गेला की भिंत आपोआप पातळ होते.

तंत्र बाजूला ठेवून वाचलं तर अंगावर काटा येतो. याच प्रवेशात ब्लांश बेल रीव्हमधल्या, म्हणजे तिच्या गमावलेल्या वडिलोपार्जित घरातल्या, मरणांबद्दल बोलते: मी इथे बसायचे, ती तिथे, आणि मृत्यू तुझ्याइतका जवळ. मरणाच्या उलट काय, तर इच्छा, असंही तीच म्हणते आणि लगेच शेजारच्या छावणीतल्या सैनिकांवर येते. शनिवारी रात्री ते पिऊन हिरवळीवर यायचे, तिच्या नावानं हाका मारायचे, आणि घरातल्या बहिऱ्या म्हातारीला पत्ता न लागता ती कधी कधी बाहेर जायची. हाक तेव्हाही बाहेरूनच आली होती. आता फुलांची येतेय, तीही बाहेरून. मला तरी वाटतं, विल्यम्सनं मरण आणि वासना समोरासमोर ठेवलेली नाहीत. दोन्ही भिंतीच्या एकाच बाजूला उभी आहेत, आणि ब्लांश दुसऱ्या.

हे लिहिताना बेत बदलला. फुलवालीसाठी डावीकडे वेगळी जागा ठेवली होती, ती रद्द. दहाव्यातली झटापट फुटपाथच्या ज्या तुकड्यावर होते, तिथेच ती उभी राहील.

राहता राहिला मंद उजेड. ऑनलाइन मागवलेला एलईडी डिमर खालच्या टप्प्यात मंद होतच नाही, एकदम उडी मारतो. विक्रेत्याच्या मते मॉडेलवाल्यांनी इतकं बारीक बघू नये. पुण्याच्या तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, चांगला मिळेलही, पण मला आता एलईडीच नको आहे. दिवाळीच्या जुन्या माळेतला फिलामेंटचा इवलासा बल्ब कमी व्होल्टच्या अडॅप्टरवर लावून पाहिला. मंद करत नेला की लालसर होतो आणि विझताना रेंगाळतो. फुलवालीला हाच. खोलीचा बल्ब आणि हा एकाच टू-वे स्विचवर घेईन, एक गेला की दुसरा उगवेल. (माळ थेट मेन्सवर ठेवून प्रयोग करू नका, आधी बल्ब कापून वेगळा करा.)

कंदीलही झाला, पतंगाच्या कागदाचा, सेंटिमीटरभर. नवव्यात मिच आणि अकराव्यात ब्लांशच्या बहिणीचा नवरा स्टॅन्ली असे दोघे तो ओरबाडतात, म्हणून चिकटवलेला नाही, लहान चुंबकावर बसवलाय. ब्लांशच्या कानात वाजत राहणाऱ्या व्हर्सोव्हियाना पोल्का या नाचाच्या धुनेचा आवाज पुढच्या भागात.

आणि हो, कुणाच्या माळ्यावर बंद पडलेल्या जुन्या माळा असतील तर फेकू नका. एक बल्ब गेला म्हणून माळ बंद असते, बाकीचे बहुतेक चांगले असतात. मला डझनभर लागतील.