पहिल्या भेटीत काय सांगावे

आतड्याच्या दाहाचे, म्हणजे आयबीडीचे, नुकतेच निदान झालेला रुग्ण माझ्यासमोर येऊन बसतो, तेव्हा बहुधा त्याच्या हातातल्या अहवालात एखाद्या शब्दाखाली पेनने रेघ मारलेली असते. समजावून सांगायची सुरुवात मी त्या रेघेपासून करते. परवा एका तरुणाने ‘क्रॉनिक’ या शब्दाखाली दोनदा रेघ ओढली होती, कारण त्याने त्याचा अर्थ ‘हाताबाहेर गेलेला’ असा लावला होता. क्रॉनिक म्हणजे दीर्घकाळ सोबत राहणारा, एवढे ऐकल्यावर त्याने पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

त्यानंतर मी कागदावर आतड्याचे चित्र काढते. आयबीडीचे मुख्य प्रकार दोन. त्यातल्या अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये दाह गुदाशयापासून सुरू होऊन मोठ्या आतड्यात सलग वर सरकतो आणि आतल्या अस्तरापुरता राहतो. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे क्रोन्समध्ये, तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, मधले भाग निरोगी सोडून, भिंतीच्या पूर्ण जाडीत होऊ शकतो. हा आजार संसर्गजन्य नाही आणि रुग्णाने तो स्वतःवर ओढवून घेतलेला नाही, हे मात्र चित्राच्याही आधी सांगावे लागते, कारण अपराधी वाटणाऱ्या मनात पुढचे काहीच शिरत नाही.

माझा सर्वाधिक वेळ औषधांवर जातो, आणि तो जायलाच हवा. रक्त थांबले, शौचाची घाई कमी झाली, की औषधाचे काम संपले असे कुणालाही वाटेल. ताप उतरल्यावर आपण गोळ्या बंद करतोच. इथे मात्र लक्षणे गेल्यावरही आत दाह धुमसत असू शकतो. म्हणूनच बरे वाटत असतानाही शौचाच्या नमुन्यातले कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतड्यातला दाह दाखवणारे प्रथिन, तपासतात, आणि म्हणूनच कोलायटिसच्या रुग्णाला मेसालामाइन हे दाह कमी करणारे औषध बरे वाटू लागल्यावरही चालू ठेवावे लागते. स्टिरॉइडचे वेगळे आहे. उसळलेला दाह ते लवकर आटोक्यात आणते, पण ते कायमचे घ्यायचे औषध नव्हे. तरीही ते आपल्या मनाने एकदम बंद करायचे नाही, कारण ते घेत असताना शरीराची स्वतःचे स्टिरॉइड तयार करण्याची क्रिया मंदावलेली असते. अझाथायोप्रिन या रोगप्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या गोळीचा परिणाम दिसायला 2 ते 3 महिने लागतात. हे आधी सांगितले नाही, तर ‘ही गोळी लागू पडत नाही’ म्हणून रुग्ण ती तिसऱ्या आठवड्यातच सोडतो, आणि ती चूक त्याची नसते, आमची असते.

उठण्यापूर्वी मी रुग्णालाच विचारते, ‘घरच्यांना हे कसे सांगाल?’ तो तरुण थोडा विचार करून म्हणाला, ‘बरे वाटले तरी गोळी चालू. स्टिरॉइड डॉक्टर सांगतील तसेच कमी करायचे. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन विचारल्याशिवाय घ्यायचे नाही.’ ताबडतोब फोन कधी करायचा, हे मात्र तो विसरला होता. रक्त वाढले, ताप आला, पोट फुगून दुखू लागले किंवा उलट्या थांबेनात तर, असे मी पुन्हा सांगितले, आणि त्याने ते आतड्याच्या चित्राच्या मागे स्वतःच्या अक्षरात लिहून घेतले.