पुण्यात नाणी बघायला जाताय? टॉर्च चार्ज करून जा

बाहेर बोर्ड होता, 'सातवाहनांपासून पेशवाईपर्यंत', म्हणून भर दुपारी आत शिरलो. संग्रहालयाचं नाव घेत नाही. तिकिटाचं काही नाही, पण मोबाईलने फोटो काढायचे वेगळे 100 रुपये. पावती फाडून वर गेलो तर पंखा बंद, आणि काचेवर ट्यूबलाइट अशी चमकते की फोटोंत नाणी कमी आणि माझाच चेहरा जास्त. तिकीट खिडकीवर ते पैसे भरूच नका, आधी दालन बघा मग ठरवा.

खालची दालनं बरी आहेत, पटापट होतात.

खरा वैताग चांदीच्या कपाटापाशी. लाल मखमलीवर रुपयेच रुपये, ओळीने, आणि सगळ्यांना मिळून एक चिठ्ठी, 'चांदीची नाणी, मराठा काळ'. झालं! शेजारी एक मुलगा आईला विचारत होता, यावर तर उर्दू आहे, मग हे मराठ्यांचं कसं? आईने माझ्याकडे बघितलं. म्हटलं बाळा, ही फारसी, आणि नाव दिल्लीच्या शाह आलम या मोगल बादशहाचं, कारण बाजारात त्याच्या नावाचा रुपया चालायचा, म्हणून मराठ्यांच्या टाकसाळीही तसाच पाडायच्या, आपली खूण तेवढी वेगळी. गार्डला विचारून मोबाईलचा टॉर्च काचेला टेकवून आडवा धरला तसा कडेला अंकुश उठून दिसला. पुण्याचा अंकुशी रुपया! टॉर्च वरून सरळ मारला की सगळं सपाट. म्हणजे उजेड बाजूने सोडला असता तर निम्मं काम झालं असतं, त्याला काय मोठा खर्च येतो? (जुन्या नोटांवर मात्र टॉर्च मारू नका, कागदाला उजेड सोसत नाही.)

दुसरी चीड म्हणजे नाण्याची एकच बाजू दिसते. शिवराईवर, म्हणजे शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्यावर, एकीकडे 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'. इथे 'छत्रपति' वर, बाकीचं मखमलीत. खाली तिरका आरसा ठेवा, नाहीतर दोन नाणी ठेवा, एक सुलट एक पालथं.

सगळ्यात भारी वस्तू कोपऱ्यात, 'क्षत्रप नाणे' एवढ्याच चिठ्ठीवर. शक क्षत्रप राजा नहपानाचा चेहरा, आणि नाकावरून चढलेली डोंगरासारखी खूण. ती सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची. लढाईत हरवलेल्या राजाचं नाणं वितळवलं नाही, त्यावरच आपला ठसा मारला. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 मध्ये 13 हजारांहून जास्त नहपानाची नाणी सापडली, त्यातली बहुतेक अशीच पुन्हा ठोकलेली. ही गोष्ट भिंतीवर चार ओळींत लिहिली असती तर लोक तिथून हलले नसते, आत्ता कोणी थांबतही नाही.

म्हणून माझं मत, पुण्यात नाण्यांसाठी म्हणून जायचं तर वाचून जा, एक छोटं भिंग घ्या, सकाळी जा, एकच कपाट नीट बघा. मुलांना घेऊन जायचं असेल तर सरळ डेक्कन क्वीन पकडा आणि मुंबईला रिझर्व्ह बँकेचं संग्रहालय गाठा, फोर्टात, सीएसएमटीवरून चालत. आहत नाण्यांपासून, म्हणजे ठसे ठोकलेल्या सगळ्यात जुन्या नाण्यांपासून, आजच्या नोटेपर्यंत क्रमाने लावलंय, नोट खरी कशी ओळखायची तेही आहे. सोमवारी आणि बँकेच्या सुट्टीला बंद असतं तेवढं बघून निघा, नाहीतर फोर्टात वडापाव खाऊन संध्याकाळच्या गाडीची वाट बघत बसाल.