नववीस मोदक

म्युनिकला येऊन अकरा वर्ष झाली पण गणपती जवळ आले की मी मनाने इंदूरला रामबागेत असते. आमच्या गल्लीतल्या मंडळाचे ते दहा दिवस म्हणजे काय सांगू, पाठांतर, फॅन्सी ड्रेस, लिंबू-चमचा, आणि बक्षीस कायम स्टीलचंच, माझ्याकडे तीन साबणदाण्या जमल्या होत्या (आईने एकही वापरू दिली नाही). अनंत चतुर्दशीला रात्रभर झांकी, म्हणजे गिरणी कामगारांच्या देखाव्यांची मिरवणूक, हुकुमचंद मिलची वेगळी, मालवा मिलची वेगळी, आम्ही राजवाड्याजवळ कुठल्यातरी ओट्यावर जागा धरून पेंगत बसायचो आणि पहाटे पोहे-जलेबी खाऊनच घरी. हुकुमचंद मिल १९९१ ला बंद पडली पण कामगारांनी झांकी काढायचं काही सोडलं नाही.

त्या दिवसांत पुण्याची मावसभावंडं आली की मात्र माझी पंचाईत. "थांब ना, मी येऊन राहिले" म्हटलं की सगळे खी खी करणार, हे कुठलं मराठी म्हणे! आजोबा चिडायचे, होळकरांच्या काळापासून इथे आहोत, हे आमचं मराठी, बस.

आता इथल्या मंडळाचा गणपती. दिवस कुठलाही असो, कार्यक्रम शनिवारीच, शाळेचा हॉल भाड्याने, आरतीच्या आधी कोणीतरी धावत जाऊन खिडक्या उघडतो कारण धूर झाला की अलार्म वाजतो, आणि विसर्जन बादलीत. पहिली दोन-तीन वर्ष मला रडूच यायचं. त्यात मुलांचं नाटक बसवायचं काम माझ्याकडे, आणि मुलं आपसात सगळं जर्मनमध्येच बोलणार. माझ्याशी मराठी बोलली तरी "काकू, मला भूक आहे", नाहीतर "तुझं नाव कसं आहे?" म्हणजे जर्मन वाक्यालाच मराठी कपडे. मी लगेच, भूक आहे नाही रे, भूक लागली. दर वाक्याला. एकदा एक मुलगी गप्पच बसली माझ्यासमोर, आणि मला एकदम ती मावसभावंडं आठवली. तेव्हापासून मी टोकायचं कमी केलं, अगदी बंद नाही, सवय जात नाही.

मागच्या वर्षी नैवेद्याचे मोदक मोजायला एका सात वर्षाच्या पठ्ठ्याला बसवलं. एकवीस हवेत म्हटलं तर हा थबकला. एक-वीस? मग जोरात ओरडला, "काकू, हे आइन-उंड-त्स्वान्त्सिश आहे! आधी एक, मग वीस!" खरंच की, जर्मनमध्येही आधी एकक मग दशक, अकरा वर्षांत माझ्या डोक्यात नव्हतं आलं. मग चोवीस, पंचवीस, त्याला कोडं सुटल्यासारखं झालं, दुसऱ्या पोरांना बोलावून शिकवायला लागला, आणि एकवीसवर थांबायचं सोडून अख्खं ताटच मोजायला घेतलं. एका मोदकाची कळी मोडली, ती त्याने दाबून परत बसवली आणि माझ्याकडे बघितलं, मी बघितलंच नाही असं दाखवलं.

"सत्तावीस, अठ्ठावीस, नववीस, तीस."

एकोणतीस माझ्या अगदी ओठावर आलं होतं. तो पुढचा मोदक उचलून म्हणाला, "एकतीस." मी दुसरं ताट आणायला आत गेले.