पतियाळ्यातला वाफसा

नऊ वर्षं मी पोरींना पळवत होतो. नऊ वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही, की बाबा, हे असंच का पळवतोस?

सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातल्या एका हायस्कूलात मी क्रीडाशिक्षक आहे. बी.पी.एड. झालेलं, कॉलेजात असताना आंतरविद्यापीठ स्पर्धेत 1500 मीटर पळालेलो. माझं कोचिंग म्हणजे माझ्या सरांनी माझ्याकडून जे करून घेतलं तेच पुढे चालू. सकाळी सहाला शिट्टी, फक्की मारलेल्या 200 मीटरच्या ट्रॅकवर दहा राउंड, मग चारशे मीटरचे सहा. मध्ये कुणी टेकलं की ओरडायचं. ललिता बाबर आमच्याच तालुक्यातल्या मोहीची. 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये ती स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, फायनलला दहावी आली, तेव्हापासून ग्राउंडवर पोरींना बापच आणून सोडायला लागले.

त्यांतली एक फार चांगली पळायची. आठवीत जिल्ह्याला पहिली. नववीत तिची नडगी दुखायला लागली. मी म्हणालो, बर्फ लाव, पळता पळता जाईल. ते गेलं नाही, तीच ग्राउंड सोडून गेली. पोरगी आळसावली, असं मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलंही होतं.

पंजाबात पतियाळ्याला जायचं डोक्यात बरीच वर्षं होतं. तिथल्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोचिंगचा डिप्लोमा वर्षभराचा. पगारावर घर चालवणाऱ्या माणसाला वर्षभर कोण सोडतो? सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स मात्र उन्हाळ्यात असतो, म्हणजे बराचसा आमच्या मे महिन्याच्या सुट्टीत बसतो. वर चार दिवस रजा टाकली.

फॉर्म भरणं सोपं होतं, कागद जमवणं नाही. माझ्या खेळाच्या प्रमाणपत्रावर वडलांच्या नावापुढे ‘राव’ आहे, दहावीच्या सर्टिफिकेटवर नाही. त्या एका ‘राव’साठी प्रतिज्ञापत्र, आणि मेडिकलच्या सहीसाठी तीन हेलपाटे. साहेब मीटिंगला, साहेब जेवायला, साहेब आहेत पण शिक्का कपाटात. जाणाऱ्यांना एवढंच सांगतो, कागद मार्चमध्येच काढून ठेवा.

पुण्याहून झेलम एक्सप्रेसने अंबाला, तिथून बसने पतियाळा. संस्था आहे महाराजांच्या जुन्या मोतीबाग राजवाड्यात. 1961 साली सुरू झाली, नेताजींचं नाव 1973 ला मिळालं. पतियाळ्याचे महाराज भूपिंदरसिंग 1911 ला भारताची क्रिकेट टीम घेऊन इंग्लंडला गेले होते, तेव्हा त्या वाड्याला खेळाडूंचं येणंजाणं नवं नसणार. वाड्याचे व्हरांडे बघत पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवसापासून बघायला वेळ राहिला नाही. पहाटे ग्राउंड, मग वर्ग, संध्याकाळी परत ग्राउंड. दुपारी लू अशी वाहायची की माणचा उन्हाळा सावलीसारखा वाटावा. मेसमध्ये राजमा, रोटी, दही. भाकरीची आठवण आठवडाभर आली, मग लस्सीने मिटवली.

वर्गात शरीरशास्त्र, बायोमेकॅनिक्स, मानसशास्त्र, ट्रेनिंग मेथड. अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी. बायोमेकॅनिक्स माझ्या डोक्यावरून गेलं, कबूल करतो. पण इंटरव्हल ट्रेनिंगचा, म्हणजे मध्ये विश्रांती घेत फेऱ्या पळण्याचा, तास अजून जसाच्या तसा आठवतो. जर्मनीत गेर्शलर नावाच्या कोचने 1930 च्या दशकात एका डॉक्टरला बरोबर घेऊन नाडी मोजत पळवायची पद्धत बसवली. पळताना ठोके 180 च्या आसपास जाऊ द्यायचे आणि ते 120 वर उतरले की मगच पुढची फेरी. दीड मिनिटात उतरले नाहीत तर आधीची फेरी जास्त झाली असं समजायचं. त्याचा चेला हार्बिग 1939 ला मिलानमध्ये 800 मीटर 1:46.6 मध्ये पळाला. आणि मी 2016 नंतरसुद्धा ‘उठा, झाली विश्रांती’ म्हणत होतो. मोजायला मशीनही लागत नाही. गळ्याला दोन बोटं लावायची, दहा सेकंदांत वीस ठोके आले की झाले 120.

नडगी का दुखते यावरही एक तास झाला. कडक जमीन, झिजलेले बूट, आणि एकदम वाढवलेलं अंतर. वहीत उतरवून घेताना माझा हात थांबला. तिन्ही गोष्टी माझ्या ग्राउंडवरच्या होत्या.

मग टीचिंग प्रॅक्टिस. आपणच लेसन प्लॅन लिहायचा, बरोबरच्या शिकाऊ कोचना खेळाडू मानून तास घ्यायचा, आणि मागे निरीक्षक वही घेऊन उभे. मी वॉर्मअपनंतर सगळ्यांना वीस बेडूकउड्या मारायला सांगितल्या. मागून आवाज आला, “ये क्यों करवा रहे हो?”

“सर, ताक़त बढ़ती है.”

“कौन सी ताक़त? आज के लेसन से इसका क्या लेना-देना?”

आज स्टीपलचेसचा अडथळा ओलांडायला शिकवायचा होता. साध्या हर्डलला धक्का लागला तर तो पडतो, हा पडत नाही. वर लाकडी बार, सगळा मिळून 80 ते 100 किलोचा, हलवायला चार माणसं लागतात. मुलींसाठी उंची 76.2 सेंटिमीटर. त्याला भिऊन पोरं जवळ आली की पावलं तोडतात, म्हणून आधी लय शिकवायची. आणि मी त्यांच्या मांड्या तासाच्या सुरुवातीलाच दमवून टाकल्या होत्या. प्लॅन परत आला तेव्हा त्यावर एकच लाल शब्द होता, ‘क्यों?’

मुलींच्या पाळीबद्दल बोलणारी होती माझ्याच बॅचमधली एक हरियाणाची कोच, वर्गात नव्हे, मेसच्या पायरीवर. म्हणाली, “सरजी, आप पूछ नहीं सकते, वो बता नहीं सकती. डायरी रखवाओ, बस एक बिंदी लगा दे.” एवढं साधं. आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यायला सांगितलं. आमच्या पोरी डबा खाऊन येतात की उपाशी, हेही मी कधी विचारलं नव्हतं.

शेवटी व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. परीक्षकांनी विचारलं, सुपरकॉम्पेन्सेशन समजावून सांगा. म्हणजे व्यायामाने दमलेलं शरीर विश्रांतीनंतर आधीपेक्षा थोडं जास्त ताकदीचं होतं ते. व्याख्या पाठ होती, तोंडापर्यंत आली आणि विरली. मग मोडक्या हिंदीत म्हणालो, सर, हमारे खेत में पानी देने के बाद तुरंत हल नहीं चलाते. चिखलात औत घातलं तर ढेकळं होतात, फार थांबलं तर जमीन दगड होते. मधे एक वेळ येते, उसको हम वाफसा कहते हैं. ट्रेनिंग के बाद शरीर का भी वही है, वाफसे पर अगला लोड देना है.

परीक्षक शेतकरी घरातले असावेत. खुर्चीत पुढे सरकले. “वत्तर! हमारे यहाँ वत्तर कहते हैं.” पुढची पाच मिनिटं आम्ही गव्हाबद्दल बोललो. पास झालो.

जूनमध्ये शाळा उघडली. पाण्याच्या उडीसाठी आमच्याकडे पाणी नाही, प्यायलाच टँकर येतो, म्हणून वाळूचा खड्डा खणलाय. चारशेचे सहा आता कधी चार होतात, कधी पाच. पोरींच्या वहीत ठिपके आहेत, मी ते वाचतो आणि न बोलता त्या दिवशीचं अंतर कमी करतो. एक पालक म्हणून गेले, सर पतियाळ्याहून आल्यापासून ढिले पडलेत.

त्या मुलीच्या घरीही जाऊन आलो. अंगणात कांदा निवडत बसली होती. “नडगी कशी आहे गं?” विचारलं.

“आता पळत नाही ना सर, मग दुखत नाही.”

चहा घेतला. येताना वाळूच्या खड्ड्याचं सांगितलं, तिने कांद्यावरून नजर उचलली नाही. डिप्लोमाला बिनपगारी रजा मिळेल का, म्हणून मुख्याध्यापकांकडे अर्ज दिलाय. ‘बघू’ म्हणालेत.