तुम्ही विचारलंत म्हणून: ‘चालतं का?’

घरी पाहुणे आले, चहा झाला की कुणाचं तरी लक्ष काचेच्या कपाटाकडं जातं. मी खालच्या कप्प्यातली डबी काढतो, मऊ फडक्यातलं जुन्या घड्याळाचं मशीन तळहातावर घेतो आणि सांगतो, हे लंडनचं, १६९० च्या आसपासचं. पाहुणा वाकून बघतो आणि विचारतो, “चालतं का?” नाही म्हटलं की चेहरा पडतो. बाहेरगावचा असेल तर गप्प बसतो. कोल्हापूरचा असेल तर पुढचंही विचारतो, “मग कशाला सांभाळलाय हा ठोकळा?”

हा प्रश्न मला झोंबतो, कारण तो आमच्याच घरातला आहे. महाद्वार रोडला लागून असलेल्या एका बोळात वडिलांचं घड्याळ दुरुस्तीचं खोकं होतं. एका माणसानं बसायचं, दुसऱ्यानं बाहेर उभं राहायचं, एवढंच. एचएमटी, फेवर ल्यूबा, कधीमधी एखाद्या जुन्या फौजीचं वेस्ट एंड. वडील भिंग डोळ्यात अडकवायचे, झाकण उघडायचे आणि काही न बोलता घड्याळ कानाला लावायचे. चालतंय की नाही, याच्या पलीकडं घड्याळाबद्दल विचारण्यासारखं काही असतं हे आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. त्यांचा मुलगा पुढं बंद घड्याळं जमवेल असं सांगितलं असतं, तर त्यांनी मलाच कानाला लावून बघितलं असतं.

आता उत्तर. सतराव्या शतकाच्या पहिल्या पाऊणशे वर्षांतलं खिशातलं घड्याळ तुम्ही म्हणता तसं कधी चालतच नव्हतं. मुळात ते खिशातलंही नव्हतं. गळ्यात किंवा कमरेला लटकवायचा तो दागिना होता. त्याला काटा एकच, तासाचा. मिनिटकाटा बसवून उपयोग काय? दिवसाकाठी अर्धा तास इकडंतिकडं व्हायचं आणि मालक ते सूर्यघड्याळावर लावून घ्यायचा. फ्रान्समधल्या ब्लुआचे कारागीर केसवर, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचावर, मिन्याची चित्रं रंगवायचे. लंडनच्या चीपसाइड भागात १९१२ साली एका तळघराच्या जमिनीखाली दागिन्यांचा साठा सापडला. त्यात साधारण १६०० सालचं एक घड्याळ आहे, कोलंबियाच्या अखंड पाचूत कोरून बसवलेलं. ते गळ्यात घालणाऱ्याला कुणी ‘किती वाजले’ विचारत असेल असं मला वाटत नाही.

फरक पडला १६७५ ला. ह्युजेन्स या डच शास्त्रज्ञानं बॅलन्सच्या, म्हणजे मागंपुढं झुलणाऱ्या चाकाला डोक्याच्या केसासारखी बारीक, गुंडाळलेली स्प्रिंग जोडली. ही कल्पना माझी आहे म्हणून इंग्लंडात हूक या शास्त्रज्ञानं भांडण काढलं ते वेगळंच. पण चूक अर्ध्या तासावरून काही मिनिटांवर आली आणि डायलवर मिनिटकाटा रुळला. आदल्याच वर्षी इकडं रायगडावर राज्याभिषेक झालेला. आपल्याकडं तेव्हा मुहूर्त घटिकापात्रावर धरायचे: तळाला भोक असलेलं तांब्याचं वाटीवजा भांडं पाण्यात तरंगत ठेवायचं, ते भरून बुडालं की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटं. माझ्याकडं असं एक पात्र आहे, कधीचं ते सांगता येत नाही. बादलीत सोडलं की अजून बुडतं. पाहुण्यांना हे लई आवडतं, कारण हे ‘चालतं’.

तर १६७५ च्या पुढचं, स्प्रिंगवालं, इंग्रजी घड्याळ आपल्याकडं असावं असं डोक्यात बसलं आणि तिथं मी फसलो. मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं मला चांदीच्या केसमधलं घड्याळ दाखवलं. आत लंडनच्या कारागिराची सही. म्हणाला, १६८०. मी तेव्हा दीड म्हशीचे पैसे मोजले. (आमच्या घरात मोठा खर्च म्हशीत मोजतात. ही पद्धत बायकोची. तिचं माहेर कागलकडचं, गोठ्याचं.) घरी आणून महिनाभर कौतुक केलं. मग एका रात्री भिंगाखाली नीट बघताना दिसलं की बॅलन्सवरची कोरीव पट्टी दोन्ही बाजूंनी स्क्रूनं आवळली आहे. इंग्रजांची पट्टी एका पायावर उभी असते, दोन पायांचा पूल करायचे ते युरोपातले. डायल बघितली तर मिनिटांच्या आकड्यांखाली सरळ वर्तुळ नाही, कमानी कमानी. ही डच तऱ्हा. अठराव्या शतकात अशी हजारो घड्याळं झाली: बरीचशी स्वित्झर्लंडमध्ये बनवायची आणि वर लंडनचं खोटं नाव कोरायचं, कारण लंडनच्या नावाला भाव होता. म्हणजे कोल्हापुरी म्हणून कुठलीही चप्पल खपवतात ना, तसंच. व्यापाऱ्याला फोन केला तर त्यानं मलाच विचारलं, “पण चालतंय ना?”

चालतं. अजूनही चालतं. घरातलं एकमेव चालणारं जुनं घड्याळ हे खोटं आहे.

त्या दीड म्हशीत मी पुष्कळ शिकलो. आता कुणी ‘सोळाशे ऐंशीचं, आत माणकं आहेत’ म्हणालं की मी हात जोडतो. माणकाला भोक पाडून त्यात चाकाचा आस बसवायची युक्ती लंडनमध्ये १७०४ ला पेटंट झाली. त्याआधीच्या घड्याळात माणिक दिसलं तर ते नंतर कुणीतरी घातलेलं. असंच शिवराई नाण्याचं. गल्लीतला प्रत्येकजण आजोबांच्या पेटीतली शिवराई महाराजांच्या काळातली म्हणून दाखवतो. पण त्यातल्या बहुतेक दुदांडी असतात, मजकुराच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघांच्या, आणि त्या पेशवाईतल्या. सांगितलं की माणूस दुखावतो. मी सांगायचं सोडून दिलंय, नुसतं “जपून ठेवा” म्हणतो.

खरं मशीन भाच्यानं लंडनहून आणून दिलं, अर्ध्या म्हशीत. केस नाही, डायल नाही, काटे नाहीत. एवढं स्वस्त का? केस सोन्या-चांदीची असणार, आणि अडचणीच्या वेळी ती कुणीतरी मोडीत घातली असणार. आमच्या गुजरीत, सराफ बाजारात, रोज जे होतं तेच. पितळेच्या मशीनला वितळवून काय मिळणार, म्हणून ते राहिलं. सही आहे, पण नाव मोठं नाही. टॉम्पियनचं, म्हणजे त्या काळच्या लंडनच्या नामांकित घड्याळजीचं, असतं तर गोठाच विकावा लागला असता.

भिंगातून बघायचं ते असं. दोन गोल पितळी पत्रे, मध्ये चार खांब, ट्यूलिपच्या फुलासारखे घडवलेले. हे खांब घड्याळ बंद असताना कुणालाही दिसायचे नाहीत, तरी घडवलेत. वरच्या पत्र्यावर बॅलन्स, त्यावर एका पायाची गोल पट्टी: आरपार जाळी, पानं, वेली, आणि पायाशी जोडते तिथं एक तोंड. माणसाचं की राक्षसाचं, ठरत नाही. मिशीच्या जागी पानं फुटलेली. गुजरीतल्या एका कारागिराकडं हे घेऊन गेलो होतो. साज घडवणारा माणूस, मला वडिलांमुळं ओळखतो. त्यानं बराच वेळ बघितलं. काळ कुठला, देश कुठला, काही विचारलं नाही. म्हणाला, “मास्तर, जाळी करवतीनं पाडल्याय. आनि ह्यो गडी डावखुरा हुता बघा, पानाची रेघ कुटनं सुरू झाल्याय ती बघा.” तो म्हणतो ते खरं का खोटं, मला पडताळता येत नाही. पण तीन शतकांत त्या इंग्रज कारागिराबद्दल कुणी असं बोललं असेल का?

आमच्या कोल्हापूरच्या टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या उत्खननातला तो छोटा ब्राँझचा समुद्रदेव आहे. त्याच्यापुढं उभं राहून कुणी विचारत नाही, की याचा आता उपयोग काय. घड्याळानं एकदा काम केलेलं असतं, हा त्याचा गुन्हा.

आणि खरं सांगायचं तर मीही एकदा चालवलं. आत भोवऱ्यासारखी निमुळती चाकी असते, खाचा पाडलेली. भोवऱ्याला दोरी गुंडाळतो तशी तिच्यावर साखळी गुंडाळायची. चावी दिली की भरते ती मोठी स्प्रिंग (केसासारखी बारीक ती वेगळी) भरलेली असताना जोर जास्त, तेव्हा साखळी बारीक टोकाकडून ओढते. जोर कमी झाला की जाड टोकाकडून. ओढ सारखी राहते. साखळी वीतभर, सायकलच्या चेनसारखीच, पण दोऱ्याएवढी. दार लावून घेतलं, वडिलांच्या डब्यातली चावी बसली, दोन वेढे दिले. आवाज आला. आपल्या घड्याळाची टिकटिक नव्हे, घाईघाईची खरखर. मी नकळत कानाला लावलं. वीसेक मिनिटं चाललं असेल. मग आत ‘सट्’ झालं. साखळी तुटली.

आत बघितलं तेव्हा पत्र्याच्या पोटात सुईनं ओरखडलेल्या खुणा दिसल्या. आधीच्या दुरुस्ती करणाऱ्यांच्या. वडीलही झाकणाच्या आत अशीच तारीख ओरखडायचे, गिऱ्हाईक ‘परवाच तर दिलं होतं’ म्हणून भांडायला आलं तर दाखवायला. यातल्या प्रत्येकानं काहीतरी काढलं असेल, काहीतरी नवं घातलं असेल. या जातीच्या मशीनमध्ये प्रत्येक टिकेला धातूवर धातू घासतो. रोज चालवायचं तर दात झिजणार, चाक बदलणार, आस बदलणार, आणि शेवटी चालेल ते माझं घड्याळ, त्या इंग्रज कारागिराचं नाही.

तुटलेली साखळी कागदाच्या पुडीत त्याच डबीत आहे. खंडेनवमीला वडिलांचे चिमटे, भिंग आणि हे मशीन असं पाटावर मांडतो. गुजरीतला तो कारागीर दसऱ्याला सोनं द्यायला येतो, पुडी उघडून बघतो आणि दर वर्षी म्हणतो, “दोन रिव्हेट मारायचं काम हाय मास्तर, आना की.” मी म्हणतो, बघू पुढच्या वर्षी.